काकड्याच्या फेरीतील स्पीकर आणि रेकॉर्डर: बॅटरी ऐन वेळी का बसते?

लष्कर_भजनी

नमस्कार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमचे महिला भजनी मंडळ कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा करते आणि दत्तजयंतीला प्रभातफेरी काढते. आमच्याजवळ चाकांचा एक स्पीकर आहे, ज्याच्या पोटात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिशाची सीलबंद बॅटरी आहे, आणि दोन पेन्सिल सेलवर चालणारा एक हातात धरण्याचा रेकॉर्डर आहे. मंडळातील वयस्कर बायकांना कितीतरी जुन्या चाली पाठ आहेत, ज्या कुठेही लिहून ठेवलेल्या नाहीत. त्यामुळे ध्वनिमुद्रण हे आमच्या दृष्टीने फेरीइतकेच महत्त्वाचे काम आहे.

अडचणी अशा आहेत. रात्रभर चार्ज केलेला स्पीकर सुरुवातीला खणखणीत वाजतो, परंतु तासाभरात मृदंगाच्या प्रत्येक थापेला आवाज फाटू लागतो. रेकॉर्डरमध्ये रिचार्जेबल सेल घातले की थोड्याच वेळात बॅटरीचे चिन्ह शेवटच्या पट्टीवर येते, म्हणून आम्ही घाईने सेल बदलतो आणि त्या गडबडीत एखाद्या अभंगाची दोन-चार कडवी हातची जातात. रेकॉर्डर स्पीकरच्याच यूएसबी सॉकेटला जोडला, तर ध्वनिमुद्रणात बारीक किणकिण येते. नवीन बॅटरी घ्यावी, पॉवर बँक घ्यावी की आहे त्याच साहित्यात काही सुधारता येईल, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

तारा_आणि_तारा

ताई, आधी स्पीकरचे पाहू, कारण त्याचे लक्षण स्पष्ट आहे. आवाज फाटतो तो थापेच्या क्षणी. भजनाच्या सरासरी आवाजाला अँप्लिफायरला फार वीज लागत नाही, पण मृदंगाची थाप पडली की क्षणभर मोठा प्रवाह ओढला जातो. बॅटरी जुनी झाली की तिचा आतील रोध वाढतो आणि त्या क्षणी तिचा व्होल्टेज खाली कोसळतो. अँप्लिफायरला पुरेसा व्होल्टेज न मिळाल्यामुळे ध्वनीच्या लाटेची टोके कापली जातात, आणि तेच आपल्याला फाटलेल्या आवाजाच्या रूपाने ऐकू येते.

याची खात्री घरच्या घरी करता येते. स्पीकरची मागची झाकणपट्टी उघडा, चार्जर काढून ठेवा आणि साध्या मल्टिमीटरची टोके बॅटरीच्या लाल-काळ्या टोकांना लावून धरा. चार्जर काढल्यावर काही तास विसावलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. मग कोणाला तरी मृदंग वाजवायला सांगा. आकडा थापेबरोबर १२ पर्यंत येऊन परत वर जात असेल तर काळजी नाही. परंतु विसाव्याला १२.६ दाखवणारी बॅटरी थापेला ११ च्याही खाली जात असेल, तर ती संपत आली आहे, मग चार्जरवरचा हिरवा दिवा काहीही सांगो. त्याच वेळी टोकांवरचे चपटे क्लिप बोटांनी हलवून पाहा. ते सैल असतील किंवा त्यांच्यावर पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल, तर बॅटरी धडधाकट असूनही नेमके हेच लक्षण दिसते आणि दुरुस्ती सँडपेपर व पकडीने होते. बॅटरी बदलण्यापूर्वी हे अवश्य पाहावे.

आता हिशेब. १२ व्होल्ट गुणिले ७ अँपिअर-अवर म्हणजे ८४ वॅट-अवर इतकी ऊर्जा. मात्र हा आकडा साधारणतः २० तासांत सावकाश उतरवलेल्या बॅटरीसाठी छापलेला असतो. तासा-दोन तासांत उतरवली तर त्यापेक्षा बरेच कमी हाती येते, आणि आयुष्य टिकवायचे तर निम्म्याहून फार खाली उतरवू नये, म्हणजे धरून चाला ४० वॅट-अवर. स्पीकर सरासरी २० वॅट घेत असेल, तर नव्या बॅटरीवरही दोन तासांचीच फेरी होईल. स्पीकरवर छापलेल्या मोठाल्या वॅटच्या आकड्यावरून हा हिशेब करू नये, प्रत्यक्ष ओढला जाणारा प्रवाह मोजावा.

नवीन घ्यायची झाल्यास लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्टची बॅटरी वजनाला बरीच हलकी असते, थापेला व्होल्टेज सांभाळते आणि तिचे चार्जिंगचे फेरे शिशाच्या बॅटरीच्या कितीतरी पट असतात. मात्र तिला १४.४ ते १४.६ व्होल्टवर थांबणारा, तिच्यासाठीच बनवलेला चार्जर हवा. स्पीकरमधील मूळ चार्जिंगवर ती डोळे मिटून जोडू नये. शिवाय तिच्या आतील संरक्षक सर्किटची प्रवाहाची मर्यादा अँप्लिफायरच्या कमाल ओढीपेक्षा जास्त असल्याचे पाहूनच खरेदी करावी, नाहीतर मोठ्या थापेला आवाज फाटण्याऐवजी स्पीकरच बंद पडेल.

जोहार_रेकॉर्डिंग

रेकॉर्डरबद्दल लिहितो. आपले सेल बहुधा चांगले आहेत आणि चिन्ह चुकीचे सांगते आहे. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टवर सुरू होऊन हळूहळू उतरत जातो, तर निकेल-मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल बराच वेळ १.२ च्या आसपास स्थिर राहतो आणि अखेरीस एकदम मान टाकतो. रेकॉर्डरला सेल अल्कलाइन आहे असे वाटत असेल, तर १.२ व्होल्ट पाहून तो ‘संपत आले’ असे दाखवतो. बहुतेक रेकॉर्डरच्या मेनूमध्ये बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय असते. तिथे निकेल-मेटल हायड्राइड निवडा. चिन्ह तरीही पुरते भरवशाचे होत नाही, म्हणून मी स्वतः चिन्हाकडे न पाहता, दोन अभंगांमधील विसाव्यात ठरल्या वेळी सेल बदलतो.

सेल घेताना ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ प्रकारचेच घ्यावेत. असे सेल २००५ मध्ये सान्योने एनेलूप या नावाने बाजारात आणले. त्याआधीचे रिचार्जेबल सेल नुसते कपाटात पडून काही आठवड्यांत बरेच उतरत. सेलच्या जोड्या ठरवून त्यांच्यावर क्रमांक लिहा आणि एका जोडीतील सेल दुसऱ्या जोडीत मिसळू नका, कारण दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि सबळ सेल त्याच्यातून प्रवाह रेटत राहून त्याला कायमचा निकामी करतो. चार्जरही प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासणारा असावा.

कंडेन्सर माइक, म्हणजे चालायला वीज लागणारा माइक, वापरत असाल तर त्याला तारेतून द्यायची ४८ व्होल्टची वीज (फँटम पॉवर) दोन पेन्सिल सेलांतूनच निर्माण केली जाते आणि मुद्रणाचा वेळ त्यामुळे लक्षणीय घटतो. अशी वीज न लागणारा डायनॅमिक माइक असेल, तर ती सेटिंग बंद ठेवा. डिसेंबरात हजिरा भागात तानसेन समारोहाच्या संगीतसभेला बसलेल्यांना ग्वाल्हेरची थंडी वेगळी सांगायला नको. त्या थंडीत अल्कलाइन सेल विशेष लवकर हात टेकतात, म्हणून दत्तजयंतीला राखीव जोडी पर्समध्ये न ठेवता स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावी.

किणकिणीचे कारण स्पीकर आणि रेकॉर्डर यांची सामायिक ग्राउंडची तार हे आहे. स्पीकरचे यूएसबी सॉकेट १२ चे ५ व्होल्ट करताना जो खळबळाट करते, तो त्याच तारेने रेकॉर्डरमध्ये शिरतो. रेकॉर्डरला स्वतंत्र पॉवर बँक द्या. १०,००० मिलिअँपिअर-अवरची बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॅट-अवर, घट वजा जाता सुमारे ३० धरा. रेकॉर्डर दीड वॅट घेत असला, तरी सगळा काकडा सहज निभावेल. मात्र काही बँका प्रवाह फार कमी असला की आपोआप बंद होतात, म्हणून आधी घरी मुद्रण लावून पाहा आणि रेकॉर्डरमधले सेल तसेच राहू द्या, म्हणजे बँक बंद पडली तरी बहुतेक रेकॉर्डर सेलवर चालू राहतात.

लष्कर_भजनी

दोघांचेही मनापासून आभार. स्पीकरचा एक क्लिप खरोखरच सैल निघाला. तो घट्ट केल्यावरही थापेला आकडा १०.८ पर्यंत जातो, तेव्हा बॅटरी बदलणे आले. एक विचारायचे राहिले. कार्तिकीनंतर दत्तजयंतीचा एक दिवस सोडला, तर पुढच्या कोजागिरीपर्यंत स्पीकर माळ्यावर असतो. उन्हाळ्यात तिथे भट्टीसारखे तापते. त्याने काही बिघडते का?

तारा_आणि_तारा

बिघडते, आणि माझ्या मते आपली बॅटरी तिथेच गेली. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर चढतात, जे पुढे चार्ज करूनही निघत नाहीत. उष्णतेने हे सारे वेगाने होते. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते असा सर्वसाधारण ठोकताळा आहे, आणि ग्वाल्हेरचा पारा मे-जूनमध्ये ४५ च्याही पुढे जातो. शिशाचीच बॅटरी घेतलीत तर फेरी संपताच पूर्ण चार्ज करून खालच्या मजल्यावर सावलीत ठेवावी आणि दर महिन्याला एकदा चार्जिंगला लावावी. लिथियम घेतलीत तर ती मात्र निम्मी भरलेली ठेवावी आणि तीन-चार महिन्यांनी तपासावी. दोन्ही प्रकारांत स्पीकरच्या आतील बॅटरीची एक तार सोडवून ठेवल्यास दिव्यांसारख्या बारीक ओढीने ती रिकामी होणार नाही.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि शिशाला मोल असल्याने दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीत तिचे पैसे सहसा वळते करून देतात.