भाकरी करताकरता अभ्यास: आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर

बी-२०४ वहिनी: नमस्कार मंडळी. आमची मुलगी यंदापासून घरीच शिकतेय. वय आठ. पुस्तक उघडलं की कंटाळते, पण मी भाकऱ्या करायला घेतल्या की ओट्यापाशी हजर. त्यातूनच काही शिकवता येईल का?

ए-१०१ ताई: नक्की येईल. आम्हीही घरीच शिकवतो. ज्वारीचं पीठ दोन परातींत घ्या. एकीत गार पाणी, दुसरीत उकळतं (ते तुम्हीच ओता आणि चमच्याने कालवा). मळून थापताना कुठली भाकरी चिरते, ते तिला बघू दे. गव्हात ग्लुटेन असतं म्हणून कणीक ताणली जाते, ज्वारीत ते नसतं. उकळत्या पाण्याने तिच्यातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. पण हे कारण आधी सांगू नका हं. तिचा अंदाज वहीत लिहून घ्या, चुकला तरी खोडायचा नाही.

सी-३ आजी: पीठ जुनं असलं तर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते बाई. ताजं दळलेलं आणि महिन्यापूर्वीचं, दोन्ही थापून बघ म्हणावं.

डी-४०२ काका: कौतुक आहे, पण गणिताचं काय? आणि दहावीचं?

ए-१०१ ताई: काका, काळजी रास्त आहे. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावी देता येते, वय किमान १४ लागतं. त्याआधी त्यांच्याच तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत. त्यामुळे वही-पुस्तक सुटत नाहीच. पण गणितासाठी आपली कडक भाकरी घ्या ना! तव्यावरून उतरली की तोला, मग पार वाळेपर्यंत रोज तोला. घटलेलं वजन म्हणजे उडालेलं पाणी. लहानांना वजाबाकी, मोठ्यांना शेकडेवारी आणि आलेख. पाणीच उरत नाही, मग बुरशी कशी धरणार, हेही मूल स्वतःच सांगतं.

बी-३०१ दादा: भूगोल माझ्याकडे 🙂 आपल्याकडची रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पुढे पाऊस जवळजवळ नसतो, काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर पीक येतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. हुरड्याच्या दिवसांत शेतावरच नेऊ मुलांना. आणि शेंगाचटणीतली शेंग, मिरची दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, तेवढं नकाशावर दाखवा.

सी-३ आजी: चटणी उखळातच कुटायची. मिक्सरला कोरडा भुगा होतो, उखळात तेल सुटतं. का सुटतं, ते पोरांनाच विचारा.

बी-२०४ वहिनी: किती काय काय आहे! रोज वेळापत्रक लावू का?

ए-१०१ ताई: नको. दिवसाला एकच प्रश्न, तोही तिला पडला तर उत्तमच. प्रत्येक घासाला धडा जोडला की मूल ओट्याजवळ यायचंच बंद होतं. भूक लागलेली असेल तर आधी जेवू द्या, काटा नंतर. हे मी कळकळीने सांगते.

सी-३ आजी: रविवारी दहाला माझ्याकडे या. शाळेत जाणारी पोरंही चालतील. लहानग्यांनी तव्यापासून लांब बसायचं.

डी-४०२ काका: माझा नातू सातवीत आहे, शेकडेवारीत अडतो. पाठवू का?

ए-१०१ ताई: पाठवाच काका. भाकऱ्या तोलायचं काम त्याच्याकडे.

बी-२०४ वहिनी: मी जुनं पीठ आणते, काटाही आणते.