‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं तर

ताई, जालन्यात पाळीची गडबड, घाम, थकवा अशा तक्रारी घेऊन गेलेल्या तुमच्या ४२ वर्षांच्या जाऊबाईंना डॉक्टरांनी ‘एफएसएच नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. एफएसएच म्हणजे पाळी जायच्या काळात वाढणारं हार्मोन. या वयात ते एका महिन्यात वाढलेलं, पुढच्या महिन्यात नॉर्मल असू शकतं. एका रिपोर्टवरून ‘पाळी जायची सुरुवात नाहीच’ असं ठरत नाही. लक्षणं आणि तारखा जास्त बोलतात.

म्हणून तीन महिने कॅलेंडरवर लिहा: पाळीचा पहिला दिवस, दिवसाला किती पॅड, झोप कधी मोडली. लागोपाठच्या दोन चक्रांत ७ दिवस किंवा जास्त फरक पुन्हापुन्हा पडत असेल, तर त्यावर बोट ठेवूनच बोला. आपल्याकडे मे महिन्यात घामाला ‘उन्हाळाच तसा आहे’ हे उत्तर तयारच असतं. थंडीतही पहाटे गोधडी फेकून ब्लाऊज बदलावा लागतो का, हे आवर्जून नोंदवा.

केसपेपरवर नुसतं ‘अशक्तपणा’ नको, सगळी लक्षणं लिहायला सांगा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. थायरॉइडमुळे किंवा रक्त कमी असलं तरी असाच थकवा, धडधड होते. पाळी लांबली तर गरोदरपणाची चाचणीही.

आणि कुणी थेट ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं तर लगेच सही करू नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या किती पिशव्या तरुणपणीच काढल्या गेल्या, हे आपण पाहिलंय. अंगावरून जास्त जात असेल तर आधी सोनोग्राफी, गरजेप्रमाणे पिशवीच्या अस्तराची तपासणी, मग गोळ्या किंवा मिरेना (पिशवीत बसवायचं, हार्मोन सोडणारं छोटं साधन). ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती तात्काळ येते, म्हणून तेही काढणार का, हे सहीआधी विचारा.