प्रतिसाद : दार उघडे ठेवणे पुरेसे नाही

नव्या सदस्याचे स्वागत कसे करावे या येथील चर्चेत, सिनेगॉगचे (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे) दार सर्वांना उघडे असले की ज्यू समाज समावेशक झाला, असे एका सदस्यांनी म्हटले आहे. मला ते मान्य नाही, कारण आत आल्यावर माणसाला कुठे बसवले जाते आणि तोराह या ज्यू धर्मग्रंथाच्या वाचनासाठी बोलावले जाते की नाही, यावरच त्या समाजातील त्याचे खरे स्थान ठरते.

१५६८ साली बांधलेल्या कोचीच्या परदेसी सिनेगॉगमध्ये मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना प्रवेश होता. मात्र त्यांना बाहेरच्या दालनात बसावे लागे आणि तोराहचे वाचन करण्याचा मान त्यांना मिळत नसे. याच कुटुंबांतील वकील ए. बी. सालेम यांनी विसाव्या शतकात त्याविरुद्ध सत्याग्रहाचा मार्ग अवलंबला, तेव्हा कुठे हे निर्बंध हळूहळू सैल होऊ लागले. एकच श्रद्धा आणि एकच प्रार्थना असताना ही उतरंड इतकी टिकावी, हे मला फार क्लेशदायक वाटते.

मुंबईत १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी संस्था उभी राहिली. बेने इस्रायल या महाराष्ट्रातील ज्यू समाजातल्या एका स्त्रीने धार्मिक संघटनेचे नेतृत्व करावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. म्हणूनच नव्या सदस्याचे स्वागत कसे करावे याच्या आधी, मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या गणसंख्येसाठी, आवश्यक असलेल्या दहा जणांत आपण कोणाला मोजतो, या प्रश्नावर येथे चर्चा व्हावी.