मदत हवी आहे: भाऊ कृत्रिम पाय लावत नाही, आणि दुखतं तेही सांगत नाही

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. सुरुंगाच्या स्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला, त्याला आता अकरा महिने होतील. तीन शस्त्रक्रिया झाल्या, जखम भरली, पाचव्या महिन्यात कृत्रिम पाय मिळाला. दोन्ही हातांनी बार धरून त्याने पहिली पावलं टाकली तेव्हा मी समोरच उभी होते. वाटलं, सुटलो एकदाचे.

गेले दोन महिने तो पाय दाराआड उभा आहे, बुटासकट. कोणी भेटायला येणार असलं की लावतो, तासभर ताठ बसतो, पाहुणे गेले की आत जाऊन काढतो. विचारलं की एकच उत्तर, "ठीक आहे, ताई."

परवा तो पाय काढत असताना मी नकळत आत गेले. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, जिथे बारीक हाड हाताला लागतं, तिथे बटणाएवढा लालभडक डाग आणि मधोमध कातडी सोललेली. मोजा तिथे चिकटला होता. त्याने पटकन टॉवेल टाकला. सांगायचं नाही का रे, म्हटलं, तर म्हणाला, "याहून जास्त सोसलंय." पुढे मला बोलताच आलं नाही.

जिथून पाय मिळाला तिथे फोन केला. "सवय होईल" म्हणाले. खरंच सवयीचा प्रश्न आहे का हा, की सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो वरचा साचा, बदलावं लागतं?

दुसरं, रात्रीचं. नसलेल्या पायाचा अंगठा कोणीतरी पिरगाळतंय असं त्याला होतं. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही दिवा मालवल्यावर. डॉक्टरांकडे विषय काढत नाही, वेड लागलंय म्हणतील अशी भीती. मागच्या आठवड्यात झोपेतच उठला, दोन पाय आहेत असं समजून उभा राहायला गेला आणि पडला.

आणि मुख्य प्रश्न, त्याला बोलतं कसं करू? नातेवाईक त्याला कृत्रिम पायावर धावणाऱ्या खेळाडूंचे व्हिडिओ पाठवतात. मनापासून पाठवतात, पण प्रत्येक व्हिडिओनंतर तो आणखी गप्प होतो. धावण्याचं राहू द्या, त्याला न सोलता स्वयंपाकघरापर्यंत चालता यावं एवढंच मला हवंय.

प्रतिसाद १

ताई, मी हेच काम करतो, पाय बनवण्याचं आणि बसवण्याचं. "सवय होईल" हे सोललेल्या कातडीला लागू नाही. साधी खूण लक्षात ठेवा: पाय काढल्यावर लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर सॉकेट चुकतंय. कातडी उघडी असेल तर ती भरेपर्यंत पाय लावायचा नाही. तोवर कुबड्या घेऊ द्या, त्यात कमीपणा नाही.

बहुधा झालंय असं, की स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, आटलाय. पहिलं वर्ष-दीड वर्ष तो आकसतच असतो. पाचव्या महिन्यातलं सॉकेट आज ढिलं पडणारच. मग स्टंप आत खाली घसरतो आणि जे वजन गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेने (टेंडनने) घ्यायचं ते त्या बारीक हाडावर येतं. एखाददुसरा मोजा वाढवून काही दिवस निभतं, नंतर नवं माप घ्यावंच लागतं.

डाग पडतो तिथे आम्ही लिपस्टिक लावतो आणि पाय घालून चालायला सांगतो. सॉकेटच्या आत जिथे रंग उमटतो तिथे तापवून किंवा घासून जागा करतो. पण कुठे टोचतं ते त्याने सांगायला हवं. न बोलणारा माणूस समोर असला की आम्ही आंधळे.

एक एक्स-रेही काढून घ्या. स्फोटात पाय गेलेल्यांच्या स्टंपमध्ये कधीकधी मांसातच हाड वाढतं. इराक-अफगाणिस्तानातून जखमी होऊन आलेल्या अमेरिकी सैनिकांत ते निम्म्याहून अधिक जणांत आढळलं होतं. तसं असेल तर नुसतं सॉकेट बदलून भागणार नाही.

प्रतिसाद २

ताई, माझा उजवा पाय असाच गेला. भावाला सांगा, वेड नाही हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांना तपासणाऱ्या वीअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ सालीच याला फँटम लिंब, म्हणजे नसलेल्या अवयवाचा भास, असं नाव दिलंय. तुटलेल्या नसा आणि मेंदू अजून त्या पायाचा हिशोब ठेवतात.

मला आरशाने फरक पडला. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवायचा, शाबूत पाय त्यात बघत हळूहळू हलवायचा, नसलेलाही तसाच हलतोय असं मनात धरायचं. अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातली एक छोटी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज १५ मिनिटं, ४ आठवडे. आरशात बघणाऱ्या सहाही जणांचं दुखणं कमी झालं होतं. सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, पण करून बघण्यासारखं आहे. फिजिओ शिकवतात. जळजळीवर औषधंही असतात, ती डॉक्टरांकडूनच.

आणि सैनिकाला "दुखतंय का" विचारू नका. "नाही" हे उत्तर आमच्या अंगात मुरलेलं असतं. रिपोर्ट मागा. किती पावलांनंतर, कोणत्या जागी, उतारावर की सपाटीवर, किती मोजे होते. तक्रार करणं आम्हाला जमत नाही, रिपोर्ट देणं जमतं.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे आभार, शब्द कमी पडतायत. काल त्याच्यापुढे वही ठेवली आणि तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. बराच वेळ पेन फिरवत बसला. मग लिहिलं: "४० पावलं. बाहेरचं हाड. उतारावर जास्त. मोजे २." खाली, न विचारता: "रात्री ३. अंगठा."

जखम भरली की सॉकेट दाखवायची वेळ घेतली आहे. वही तो स्वतः नेणार आहे, लिपस्टिक मी देते म्हटलं. पलंगाजवळ रात्री काय ठेवावं म्हणजे झोपेत उठताना त्याला पाय नसल्याचं आठवेल? कुबड्या उशाशी आहेत, पण त्या अंधारात त्याच्या हाताला लागतच नाहीत.