अंगठ्याचं लिगामेंट: पट्टी नेहमीच पुरत नाही

अंगठा दुखावल्यावर एक्स-रेत हाड शाबूत दिसलं की पट्टी बांधून थांबायचं, लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा चिवट बंध) आपोआप जुळतं, असं बरेचदा म्हटलं जातं. अर्धवट फाटलं असेल तर खरं आहे. पूर्ण तुटलं असेल तर मात्र तसं नेहमी होत नाही. अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याला तर्जनीकडच्या बाजूने एक लिगामेंट धरून ठेवतं आणि त्याच्यावरून अंगठा आत ओढणाऱ्या स्नायूचा पातळ पडदा जातो. तुटलेलं टोक कधी कधी या पडद्याच्या वर येऊन बसतं. मग टोक आणि हाड यांच्यामध्ये पडदा! कितीही आठवडे पट्टी ठेवा, दोघांची गाठ पडत नाही. स्टेनर या स्वीडिश सर्जनने १९६२ साली हे दाखवून दिलं.

माझा भाचा फोंड्याला गोलकीपर. बॉल अडवताना अंगठा बाहेर ओढला गेला. एक्स-रे साफ, म्हणून घरी तेल चोळत राहिले. सूज उतरली, पण स्कूटरची किल्ली फिरवता येईना, आदोळीवर (विळीवर) नारळाची कवड धरता येईना. शेवटी सोनोग्राफीत ते वर चढलेलं टोक दिसलं आणि ऑपरेशन झालं. चिमटीत जोर नसेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच करून घ्या. उशीर झाला की टोकं आखडतात आणि शिवणं अवघड होतं.