प्रति: सायबेरियातलं जंगल आणि पाऊस

'सायबेरियात पाऊस-बर्फ भरपूर, म्हणून तिथे एवढं जंगल' असं म्हटलं जातं, ते पटत नाही. पूर्व सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात पाऊस आणि बर्फ धरून वर्षाला साधारण २४० मिमी पाणी पडतं. एवढ्यावर खरं तर गवताळ माळच असायला हवा. जंगल तगतं ते गोठलेल्या जमिनीमुळे. उन्हाळ्यात वरचा मीटर-दोन मीटरचा थर तेवढा वितळतो. खाली दगडासारखा टणक बर्फाळ थर, त्यामुळे पाणी मुरत नाही, मुळांपाशीच राहतं. हा थर किती खोल? १८२८ ते १८३७ मध्ये शेर्गिन नावाच्या माणसाने पाण्यासाठी तिथे विहीर खणली. ११६ मीटर खाली गेला, तरी गोठलेलीच जमीन!

तिथला मुख्य वृक्ष लार्च. सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पानं गाळतो, मुळं आडवी पसरतो. आणि त्याची सावली जमिनीला गार ठेवते, हे फार महत्त्वाचं आहे. वणव्यात किंवा तोडीत तो गेला की आतला बर्फ वितळतो, जमीन खचते, खळग्यात तळं साचतं. कालांतराने तळं आटून कुरण होतं. याकुत लोक त्याला 'अलास' म्हणतात आणि घोडी-गुरांसाठी तिथलंच गवत कापतात. पण जंगल मात्र तिथे सहजी परत येत नाही.