बोलेरो पिकअपला जादा डिझेल फिल्टर: कुठला घ्यावा, कुठे बसवावा?

कोकण_मालवाहतूक
नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो पिकअप, बीएस ६, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल मिळतं ती पद्धत). रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून कोल्हापूरला मासळी जाते, म्हणजे आंबा घाट भरल्या गाडीने चढायचा. ओरिजिनल फिल्टरमधून दर पंधरवड्याला पाव वाटी पाणी निघतंय. नोझलची (इंजेक्टरची) वाट लागण्याआधी टाकी आणि ओरिजिनल फिल्टरच्या मध्ये अजून एक फिल्टर टाकायचाय. गॅरेजमधून दोन पर्याय मिळाले: पारदर्शक प्लास्टिकचा छोटा फिल्टर, नाहीतर २ मायक्रॉनचा मोठा (मायक्रॉनचा आकडा जितका लहान तितकी गाळणी बारीक). कुठला घेऊ? वॉरंटी संपली आहे.

पंप_नोझल_फिटर
दादा, दोन्ही नकोत.

पारदर्शक फिल्टर पेट्रोलच्या दुचाकीचा असतो. त्याचं भोक अरुंद आणि तो पाणी वेगळं करत नाही. तुमचा त्रास पाण्याचाच आहे, मग तो लावून मिळवणार काय?

२ मायक्रॉनचा फिल्टर चांगली वस्तू आहे, पण जागा चुकतेय. आधी मॅन्युअलमध्ये बघा, टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे का. नसेल तर टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. ओढीच्या लाइनमध्ये बारीक कागद घातला की तो थोडा भरला तरी पंपाला डिझेल कमी पडतं आणि ओढ वाढून डिझेलमध्ये बुडबुडे सुटतात. सपाटीला काही जाणवत नाही. घाटात तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला की रेलचं प्रेशर पडतं, चेक लाइट लागतो, स्कॅनरवर पी००८७ (रेलचं प्रेशर कमी असल्याचा कोड) दिसतो आणि गाडी जीव सोडते. हाय प्रेशर पंपाला वंगणही डिझेलचंच मिळतं. हवा मिसळलेल्या डिझेलवर तो घासतो आणि त्याचा चुरा थेट चारही इंजेक्टरमध्ये जातो.

म्हणून ओढीच्या बाजूला जाडा, ३० मायक्रॉनचा, खाली पाण्याचा बाऊल आणि ड्रेन कॉक असलेला वॉटर सेपरेटर घ्या. बारीकच हवा तर १० मायक्रॉन, त्याहून बारीक नको. बारीक गाळणी ओरिजिनल फिल्टर करतोच, तो काढू नका आणि लोकल कागदाचा घालू नका. जळतं त्याच्या कितीतरी पट डिझेल फिल्टरमधून जाऊन रिटर्नने टाकीत परत येतं, त्यामुळे सेपरेटर ताशी १०० लिटरच्या वरचा बघा. रिटर्नच्या पाइपला हात लावायचा नाही.

चॅसी_ते_बॉनेट
बसवण्याबद्दल लिहितो, कारण ऐंशी टक्के भानगडी तिथेच होतात.

जागा चॅसीच्या आतल्या बाजूला, टाकीच्या पुढे, सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाला. बाऊल क्रॉस मेंबरच्या (चॅसीच्या आडव्या पट्टीच्या) खाली लोंबता कामा नये, नाहीतर पहिल्याच दगडाला फुटेल. पण ड्रेन कॉकला हात मात्र पोचला पाहिजे. तुमच्या गाडीत हौद्यातून बर्फाचं खारं पाणी गळणार. ते सेपरेटरवर पडणार नाही अशी जागा बघा, ब्रॅकेट आणि क्लिपा स्टेनलेसच्या घ्या.

कंपनीचा नायलॉन पाइप कापू नका. दोन्ही टोकांना मापाचे क्विक कनेक्टर लावले तर वाटेत फिल्टर फुटला तरी दोन मिनिटांत पाइप परत जोडून गाडी घरी येते. रबरी होज डिझेललाच चालणारा, आतलं माप मूळ पाइपाइतकं, त्याहून लहान अजिबात नको. साधा पीव्हीसी पाइप थोड्या महिन्यांत कडक होऊन निपलवर (होज ज्या तोटीवर चढवतात तिथे) हवा ओढायला लागतो. दात कापलेली जुबली क्लिप रबरात रुतते, म्हणून सलग पट्टीची घ्या. जोडण्याआधी होजमध्ये हवा मारा. बाणाची दिशा दोनदा बघा.

नंतर हवा काढा. हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) कडक होईपर्यंत दाबत राहा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. जुन्या पंपाच्या गाडीत नोझलचा नट ढिला करून हवा काढायची सवय असते. कॉमन रेलमध्ये ते कधीही करू नका. तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जातं, धार कातडीतून आत शिरते.

कोकण_मालवाहतूक
निपल हार्डवेअरच्या दुकानातलं, पितळी किंवा गॅल्व्हनाइज्ड चालेल का? थ्रेडला पांढरी टेप लावली तर?

पंप_नोझल_फिटर
नाही. जस्त आणि तांबं डिझेलमध्ये थोडं थोडं उतरतं, डिझेल लवकर बिघडतं आणि नोझलच्या तोंडाशी थर बसतो. स्टील किंवा ॲल्युमिनियमचं निपल घ्या. टेपचा तुटलेला एक धागा फिल्टरच्या पुढे गेला तरी इंजेक्टर अडकतो. फिल्टरसोबत आलेलं ओ-रिंग किंवा वॉशर वापरा. नवा ओरिजिनल फिल्टर कॅनमधलं डिझेल ओतून भरायचा नाही, मधल्या भोकातून तर नाहीच. ती स्वच्छ बाजू आहे. प्रायमरने भरू द्या.

टाकी_साफ
फिल्टर बसवाच, पण पंधरवड्याला पाव वाटी हे प्रमाण जास्त आहे. नुसत्या दमटपणाने इतकं पाणी जमत नाही. ते कुठूनतरी आत येतंय.

ड्रेन केलेलं पारदर्शक बाटलीत घ्या, तासभर उभं ठेवा. पाणी तळाशी बसेल. डिझेल हलकेच ओतून टाका आणि त्या पाण्याचे चार थेंब काचेवर उघड्यावर वाळू द्या, विस्तवाजवळ नाही. पांढरा खारट पापुद्रा राहिला तर हौद्याचं पाणी टाकीत शिरतंय. झाकणाचं रबर आणि टाकीचा ब्रीदर पाइप (हवा आत-बाहेर जायची नळी) तपासा, ब्रीदरचं तोंड गळतीपासून दूर वळवून वर बांधा. पापुद्रा नसेल तर पावसाचं पाणी किंवा भरलेलं डिझेल. बॅरलमधून भरत असाल तर सक्शन पाइप तळापासून वीतभर वर ठेवा. पाणी आणि गाळ तिथेच बसतो. पावसाळ्यात रात्री टाकी भरलेली ठेवा.

काळा बुळबुळीत गाळ निघाला तर पाणी आणि डिझेलच्या सांध्यावर जंतू वाढलेत. टाकी उतरवून धुवावी लागेल, नाहीतर नवा सेपरेटर आठवड्यात भरेल.

चॅसी_ते_बॉनेट
एक राहिलं. काम सुरू करण्याआधी पंपाच्या इनलेटला व्हॅक्यूम गेज (ओढ मोजायचं मीटर) लावून रेस करा, आकडा लिहून ठेवा. फिल्टर बसवल्यावर तसंच परत मोजा. फरक जेमतेम पडला पाहिजे. पुढे गाडी घाटात मंद वाटली की आधी तोच आकडा बघायचा, वाढला असेल तर नोझल न उघडता सेपरेटरचा एलिमेंट (आतली गाळणी) बदलायचा. सेपरेटरच्या पुढे वीतभर पारदर्शक होज दहा मिनिटांपुरता लावून बघा. बुडबुड्यांची सलग माळ दिसली तर सांधा हवा ओढतोय. सकाळी सेल्फ लांबायला लागला तर तेच कारण. तपासून झालं की तो होज काढून टाका.